वंशावळीत न लिहिलेल्या लेकी आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग

निळी_पेन्सिल (मिरज), धागाकर्ता

नमस्कार. सांगलीतल्या एका छापखान्यात मी ३१ वर्षे मुद्रितशोधन केले. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध रुग्णाचा थोरला भाऊ एवढाच आहे. मागल्या वर्षी धाकट्या भावाला, वयाच्या ४३व्या वर्षी, मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. आणि हा आजार आमच्या घरात नवा नव्हता, हे आम्हांला त्याचे ऑपरेशन झाल्यावर कळले. जे समजून घेतले ते इथे मांडतो आहे. जाणकारांनी चुका दुरुस्त कराव्यात.

भावाची तासगावकडे द्राक्षबाग आहे. छाटणीच्या दिवसांत त्याला बागेच्या दोन ओळी चालून दम लागू लागला. हिमोग्लोबिन ७ निघाले. 'रक्त कमी आहे' म्हणून आधी लोहाच्या गोळ्या, मग सलाईनमधून लोह, असे आठ महिने गेले. चांगल्या खात्यापित्या पुरुषाच्या अंगातले रक्त जाते कुठे, हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि आम्हांलाही सुचला नाही. शौचावाटे लाल रक्त पडले असते, तर निदान मूळव्याध समजून तरी कोणी तपासले असते. पण त्याची गाठ उजव्या बाजूला, मोठे आतडे जिथे सुरू होते तिथे होती. त्या भागात आतडे रुंद असते आणि मल पातळ असतो, त्यामुळे अडथळा लवकर होत नाही आणि थेंबथेंब झिरपणारे रक्त मलात मिसळून नजरेला पडत नाही. डाव्या बाजूच्या किंवा गुदाशयाच्या गाठीचे तसे नसते. तिथे रक्त दिसते, शौचाची रोजची सवय बदलते, जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, आणि हे सगळे 'मोड आलेत' या दोन शब्दांत गुंडाळून आपल्याकडे पाटी पाहून औषध घेतले जाते. शेवटी मिरजेतल्या एका डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी करायला लावली आणि पंधरा दिवसांत ऑपरेशन झाले.

काढलेल्या आतड्याचा अहवाल तीन पानी होता. घरच्यांनी पहिले पान वाचून ठेवून दिला. माझी सवय शेवटची ओळ, अगदी मुद्रकाचे नाव-पत्ता असलेली ओळसुद्धा, वाचण्याची. तिथे लिहिले होते की एमएलएच१ आणि पीएमएस२ ही प्रथिने गाठीच्या पेशींत आहेत, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही दोन नाहीत. ती ओळ घेऊन मी डॉक्टरांकडे परत गेलो. त्यांनी भावाच्या रक्ताची जनुकीय तपासणी करायला सांगितली. एमएसएच२ जनुकात जन्मजात बिघाड निघाला. या अवस्थेला लिंच सिंड्रोम म्हणतात.

त्यानंतर जनुकीय सल्ल्यासाठी गेलो तेव्हा समोरच्या बाईंनी विचारले, "घरातली तीन पिढ्यांची माहिती सांगाल का?" मला वाटले, हे आपल्याला सोपे. आमच्या गावाला हेळवी येतात. दक्षिण महाराष्ट्रातल्या वाचकांना ठाऊक असेल, घराण्याची वही बाळगून पिढ्या वाचून दाखवणारे ते लोक. आमच्या वहीत अकरा पिढ्या आहेत. मी पणजोबांपासून घडाघडा म्हणून दाखवले. बाईंनी सगळे ऐकून घेतले, कागदावर पुरुषांसाठी चौकोन काढले, आणि मग विचारले, "आईकडचे कोण कोण? आणि या चौकोनांच्या बहिणी कुठे आहेत?"

वहीत त्या नव्हत्याच. लेक लग्न होऊन गेली की आमच्या वहीतून गेली, आणि सासरच्या वहीत ती फक्त कोणाची तरी बायको.

घरी येऊन जुन्या प्रुफाच्या पाठीमागे मी स्वतः चौकोन आणि वर्तुळे काढायला बसलो. मामा वयाच्या ४६व्या वर्षी 'पोटात गोळा होऊन' गेला. मावशी ४४व्या वर्षी गेली. तिचे 'अंगावरून जात होते' एवढेच लहानपणी कानावर आले होते. आईची पिशवी ३८व्या वर्षी काढली होती, आणि आमच्या पट्ट्यात कितीतरी बायकांची या ना त्या कारणाने काढतात, म्हणून त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. आई पुढे ७४व्या वर्षी अर्धांगवायूने गेली. वडील ८१ वर्षांचे आहेत, ठणठणीत आहेत. म्हणजे जो बिघाड आम्ही वडिलांच्या अकरा पिढ्यांत शोधत होतो, तो आईकडून आला होता. लिंच सिंड्रोममध्ये मोठ्या आतड्याखालोखाल ज्या अवयवाला धोका असतो तो गर्भाशय, आणि पुरुषांच्या वंशावळीत गर्भाशयाचा आजार दिसणार तरी कुठून?

या आजाराचा इतिहासही एका बाईपासूनच सुरू होतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. १८९५ साली त्यांची शिवणकाम करणारी बाई त्यांना म्हणाली, की आमच्या घरातले सगळे पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर बायकांच्या अवयवांच्या कर्करोगाने जातात, तशीच मीही जाणार. ती पुढे तरुणपणीच गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची माहिती जमवून १९१३ साली छापली. त्या काळी त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९६६ मध्ये नेब्रास्कातल्या हेन्री लिंच यांनी अशाच दोन घराण्यांची नोंद प्रसिद्ध केली, त्यांचेच नाव पुढे या अवस्थेला मिळाले. आणि एमएसएच२ हे जनुक १९९३ साली सापडले. शिलाई करणाऱ्या बाईने जे ओळखले होते, ते प्रयोगशाळेत दिसायला ९८ वर्षे लागली.

माझा प्रश्न असा, की एमएसएच२ नेमके करते काय, आणि ते बिघडले की आतडेच का?

काचपट्टी (मिरज)

धागाकर्ते, शेवटची ओळ वाचल्याबद्दल तुमचे अभिनंदन केले पाहिजे. मी विकृतिशास्त्रातच काम करते. आम्ही ती ओळ लिहितो आणि पुष्कळदा ती फाइलमध्येच राहते.

तुमच्याच व्यवसायाची उपमा घेते. प्रत्येक पेशी विभागताना सुमारे ६०० कोटी अक्षरांचा मजकूर पुन्हा उतरवून काढते. उतरवणारे विकर स्वतःच्या चुका हातासरशी बऱ्याच सुधारते, तरी काही राहतात. त्या राहिलेल्या चुका शोधणारे दुसरे पथक असते. एमएसएच२ आणि एमएसएच६ ही जोडी नव्या धाग्यावरून सरकत विजोड अक्षर हेरते. एमएलएच१ आणि पीएमएस२ ही दुसरी जोडी तेवढा तुकडा कापून पुन्हा लिहायची व्यवस्था करते. या दुरुस्तीची रासायनिक वाट उलगडल्याबद्दल पॉल मॉड्रिच यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. जोडीतला एमएसएच२ हा आधाराचा गडी आहे. तो नसला की एमएसएच६ एकटा टिकत नाही, म्हणून तुमच्या भावाच्या अहवालात दोघेही गैरहजर होते, पण जनुक एकच बिघडलेले निघाले.

चुका सर्वांत जास्त कुठे होतात, हे मुद्रितशोधकाला सांगायला नको. छापील अर्जात 'नाव' या शब्दापुढे टिंबांची लांब रांग असते. २६ टिंबांऐवजी २४ पडली तर कोण मोजणार? डीएनएमध्येही एकच अक्षर ओळीने येणाऱ्या अशा रांगा असतात. बॅट-२६ नावाची २६ 'ए' अक्षरांची रांग तर खुद्द एमएसएच२ जनुकातच आहे आणि ती तपासणीसाठी वापरली जाते. दुरुस्ती पथक बंद पडले की या रांगांची लांबी पेशीगणिक बदलू लागते. याला मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता म्हणतात. अशा रांगा काही महत्त्वाच्या जनुकांच्या पोटातही असतात, आणि वाढ रोखणाऱ्या जनुकातली रांग चुकली की तिथून पुढचा सगळा मजकूर निरर्थक होतो.

आतडेच का, याचे पूर्ण उत्तर देणे अवघड आहे; पण एक कारण स्पष्ट आहे. आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते. जिथे रोज नवी आवृत्ती निघते तिथे शुद्धलेखन तपासनीस नसल्याचा फटका लवकर बसतो. गर्भाशयाचे अस्तरही महिन्याला नवे होते, हे जाता जाता लक्षात घ्यावे.

जन्मजात बिघाड म्हणजे दोन प्रतींपैकी एकच प्रत बिघडलेली असते. दुसरी प्रत काम रेटते, म्हणून माणूस वर्षानुवर्षे धडधाकट असतो. एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही गेली की तिथून आजार सुरू होतो. काहींच्या बाबतीत तो कधीच सुरू होत नाही; तुमच्या आईंच्या आतड्याचे तसे झाले असावे. प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता निम्मी.

बहुतेक रुग्णांचा आजार मात्र या वाटेने होत नाही. तो वयाबरोबर, जन्मानंतरच्या बिघाडांतून होतो. तिथे पहिला फटका सहसा एपीसी या जनुकाला बसतो आणि अस्तरावर छोटा कोंब, म्हणजे पॉलिप, उगवतो. पुढे के-रास हे जनुक बिघडले की तो वाढतो. पी५३ गेले की पेशी अस्तर सोडून खाली उतरतात. हा क्रम फेअरॉन आणि फोगेलस्टाइन यांनी १९९० साली मांडला. हा प्रवास साधारण दहा वर्षांचा असतो, आणि दुर्बिणीतून पॉलिप काढून तो मध्येच तोडता येतो, हीच या आजारातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट आहे. लिंचमध्ये हाच प्रवास एक ते तीन वर्षांत होऊ शकतो. म्हणून त्यांची तपासणी दर दहा वर्षांनी करून भागत नाही.

आणखी एक सांगते. घराण्याच्या माहितीवरून लिंच ओळखण्यासाठी 'ॲम्स्टरडॅम निकष' असतात, ते लावून मी तुमच्या घरची माहिती पाहिली. तीन आजारी नातेवाईक, दोन पिढ्या, एक जण पन्नाशीच्या आतला, आणि तिघांपैकी एक इतर दोघांचा सख्खा. मामा, मावशी आणि भाऊ धरले, तरी तुमचे घर या निकषात बसत नाही, कारण मामा-मावशी आणि तुमचा भाऊ यांना सख्ख्या नात्याने जोडणारा दुवा तुमची आई आहे, आणि तिची पिशवी आजार होण्याआधीच निघालेली. तिचे वर्तुळ कोरे राहिले. घराण्याच्या माहितीवर विसंबले तर अशी घरे निसटतात, म्हणूनच आता मोठ्या आतड्याच्या प्रत्येक गाठीवर ही चार प्रथिने तपासावीत असा आग्रह धरला जातो. फक्त एक सावधगिरी: एमएलएच१ गैरहजर असेल तर लगेच घराण्याला धक्का देऊ नये. उतारवयात गाठीतले ते जनुक पुष्कळदा नुसते रासायनिक कुलूप लागून बंद पडलेले असते. गाठीत बी-राफ जनुकाचा ठरावीक बदल सापडला तर तो आजार बहुधा आनुवंशिक नसतो.

हरिपूरचे_पेव (सांगली)

दोन्ही लेखन मनापासून आवडले, पण मला राहवत नाही म्हणून लिहितो. आमच्या दोन पिढ्या हळदीच्या व्यापारात गेल्या. हळदीने आतड्याचा कर्करोग टळतो असे आम्ही ग्राहकांना सांगत आलो आणि ते मोबाइलवरही रोज येते. दुसरे म्हणजे, धागाकर्त्यांच्या बंधूंची द्राक्षबाग आहे. वर्षभर फवारणीच्या वासात वावरणाऱ्या माणसाच्या आजाराचे खापर आईच्या रक्तावर फोडणे मला पटत नाही.

काचपट्टी (मिरज)

हळदीचा मुद्दा टाळण्यासारखा नाही, आणि सांगलीत तर नाहीच. प्रयोगशाळेतल्या बशीत कुरकुमिन पेशींची वाढ रोखते हे खरे. पण माणसांवर काय होते ते नीट तपासले गेले आहे. ज्यांच्या आतड्यात वंशपरंपरेने पॉलिपचे पीक येते अशा ४४ जणांना वर्षभर रोज ३ ग्रॅम कुरकुमिन किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. २०१८ साली निष्कर्ष आला, तेव्हा दोन्ही गटांत पॉलिपच्या संख्येत आणि आकारात फरक निघाला नाही. हळद आमटीत जरूर घालावी. तिच्या भरवशावर दुर्बिणीची तारीख पुढे ढकलू नये.

ज्या गोळीचा उपयोग दिसला ती साधी ॲस्पिरिन आहे. लिंच सिंड्रोमच्या ८६१ जणांवरच्या चाचणीत ज्यांनी किमान दोन वर्षे रोज ६०० मिलिग्रॅम घेतली त्यांच्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी झाला, आणि हा फरक लगेच नव्हे, काही वर्षांनी दिसू लागला. मात्र तिने जठरात रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी सुरू करू नये.

फवारणीबद्दल तुमचा राग मी समजू शकते. परिसराचा वाटा या आजारात आहेच. तंबाखू आणि दारूचा आहे; प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली पहिल्या गटात टाकले; आतड्यातल्या काही ई-कोलाय जिवाणूंचे कोलिबॅक्टिन हे विष डीएनएवर स्वतःची ओळखू येईल अशी खूण सोडते, हे २०२० साली दाखवले गेले. भाकरी, पालेभाजी, कडधान्ये यांतला चोथा हितकारक आहे. परंतु या रुग्णाच्या बाबतीत जन्मजात बिघाड रक्तात लेखी सापडला आहे. तो बाजूला ठेवून आपण फवारणीवर बोट ठेवले असते, तर बागेत कधीच न गेलेल्या त्याच्या भावंडांची तपासणी झाली नसती. आणि यात आईचा दोष काढला असे कृपया समजू नये. तिने ते जनुक निवडले नव्हते.

हरिपूरचे_पेव (सांगली)

'खापर' हा शब्द माझाच होता, तो मागे घेतो. ४४ जणांच्या चाचणीची माहिती पेठेत सांगणे जरा अवघड जाईल, तरी सांगेन.

वेण्णेकाठची_सून (सातारा)

आमच्या घरची गोष्ट याहून वेगळी असल्यामुळे लिहिते आहे. माझे सासू-सासरे मामे-आते भावंडे आहेत. मामाची मुलगी करण्याची रीत आमच्याकडे होतीच. दोघेही सत्तरी ओलांडून सुखरूप आहेत. पण त्यांच्या तीन मुलांपैकी दोघांना, थोरल्या दिरांना ४१व्या वर्षी आणि माझ्या यजमानांना ३८व्या वर्षी, आतड्यात वीस-तीस पॉलिप निघाले. दिरांच्या एका पॉलिपमध्ये कर्करोग सुरू झाला होता.

आई-वडील निर्मळ, त्यांचे आई-वडील निर्मळ, म्हणून आनुवंशिक नसणार, असे आम्हांला एका ठिकाणी सांगण्यात आले आणि आम्ही वर्षभर निर्धास्त राहिलो. पुढे तपासणीत एमयूटीवायएच नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. यातले गणित लिंचच्या उलटे आहे. एक प्रत बिघडलेली असेल तर माणसाला बहुधा काही होत नाही. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही बिघडलेल्या आल्या तरच आजार होतो. आई-वडील दोघेही असे वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता चारात एक. मामे-आते भावंडांमध्ये सरासरी आठवा हिस्सा जनुके सामाईक असतात, म्हणून आजी-आजोबांपैकी कोणाकडे दडलेली एक वाईट प्रत दोन्ही बाजूंनी फिरून एकाच पाळण्यात येऊ शकते. आजार एकाच पिढीतल्या भावंडांत दिसतो, वर-खाली कुठेच दिसत नाही. आमच्या वंशावळीत तर दोन रेषा एकाच पणजोबांकडे जाऊन मिळतात; सल्लागारांनी तिथे दुहेरी रेघ मारली, तेव्हा सासूबाईंनी विचारले, "हे कशाला?" मी सांगितले, "तुमच्या लग्नाची खूण आहे." त्या हसल्या, आणि नंतर बराच वेळ गप्प बसल्या.

माझ्या मुलांना यजमानांकडून एक बिघडलेली प्रत नक्कीच मिळाली आहे. माझी तपासणी केली, माझ्या दोन्ही प्रती चांगल्या निघाल्या, त्यामुळे मुले वाहक राहतील, रुग्ण होणार नाहीत. मुलांची लग्ने नात्यात जुळवायची नाहीत, एवढे मात्र घरात आता सगळ्यांना मान्य झाले आहे. ते मान्य करून घ्यायला तपासणीपेक्षा जास्त दिवस लागले.

कोरा_कागद (कराड)

मी २६ वर्षांची आहे. माझ्या आत्याला ६८व्या वर्षी गुदाशयाचा कर्करोग झाला. हा धागा वाचून झोप उडाली आहे. मी जनुकीय तपासणी करून घ्यावी का? आणि ती करून काही निघाले तर लग्नाच्या वेळी काय सांगायचे?

निवृत्त_शल्यक (सातारा)

बाळ, तू शांतपणे झोप. आत्याचे वय ६८, घरात दुसऱ्या कोणाचा आजार तू लिहिलेला नाहीस, म्हणजे हा आजार बहुधा वयाने आलेला आहे. मोठ्या आतड्याच्या शंभर रुग्णांत एका जनुकाच्या स्पष्ट बिघाडामुळे आजारी पडलेले साधारण पाच ते दहा, आणि त्यांत लिंचचे तीनेक असतात. तपासणीचा क्रम नेहमी रुग्णापासून सुरू होतो, निरोग्यापासून नाही. आत्याच्या गाठीचा मेणात जपलेला ठोकळा रुग्णालयात असेल. त्यावर काचपट्टीताईंनी सांगितलेली चार प्रथिने पाहून घ्या. ती चारही हजर असली तर तुझ्या रक्ताच्या तपासणीचे कारण उरत नाही. तुझ्या वडिलांना मात्र सख्खी बहीण आजारी असल्यामुळे चाळिशीनंतर दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला सांग. चाळिशी तर त्यांनी केव्हाच ओलांडली असणार.

लग्नाबद्दल माझे मत विचारलेस म्हणून सांगतो. पत्रिकेत मंगळ दाखवणारे लोक आपण. ज्या ग्रहावर उपाय आहे तो लपवण्यात काय शहाणपण? पण हे सांगणे सोपे आणि निभावणे अवघड आहे, हेही मी चाळीस वर्षांत पुष्कळ पाहिले.

धागाकर्त्यांसाठी दोन गोष्टी. एमएसएच२ चा बिघाड ज्या भावंडांत निघेल त्यांनी दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी करावी. ती २० ते २५ या वयापासून सुरू करायची असते. लहान मुलांची जनुकीय तपासणी लिंचमध्ये सज्ञान होईपर्यंत करत नाहीत. एपीसी जनुकाच्या वंशागत आजारात मात्र आतड्यात शेकड्यांनी पॉलिप येतात आणि आतडे काढले नाही तर चाळिशीपर्यंत कर्करोग जवळपास ठरलेला असतो, म्हणून तिथे दहा-बारा वर्षांच्या मुलांनाच तपासावे लागते. त्यातही सुमारे चौथाई रुग्णांच्या घरात आधी कोणालाच काही नसते. बिघाड त्यांच्यापासूनच सुरू झालेला असतो.

दुसरी गोष्ट बायकांची. बिघाड असलेल्या स्त्रीने पाळीव्यतिरिक्त किंवा पाळी गेल्यावर होणारा रक्तस्राव अंगावर काढू नये. मूलबाळ झाल्यावर गर्भाशय आणि बीजांडकोश काढण्याचा पर्याय तिच्यापुढे ठेवतात. आमच्या भागात ज्या बायकांना गरज नव्हती अशा कितीजणींच्या पिशव्या निघाल्या, आणि जिला खरी गरज असते तिला कोणी विचारलेले नसते.

भावाचा आजार पुढे उलटला, तर अहवालातल्या त्याच एका ओळीचा उपयोग होईल. दुरुस्ती पथक नसलेल्या गाठीत इतक्या चुका साठतात, की शरीराच्या संरक्षक पेशींना ती परकी वाटू लागते. गाठ त्या पेशींना ब्रेक लावून ठेवते. तो ब्रेक काढणारी पेम्ब्रोलिझुमॅबसारखी औषधे २०१७ पासून अशा गाठींसाठी मान्य झाली. २०२२ साली न्यूयॉर्कहून १२ रुग्णांचा अहवाल आला. गुदाशयाच्या अशा गाठी दोस्तारलिमॅब या औषधाने सर्वच्या सर्व १२ जणांत दिसेनाशा झाल्या, ना ऑपरेशन, ना किरण. औषधे फार महाग आहेत, हेही सांगायला हवे.

निळी_पेन्सिल (मिरज), धागाकर्ता

सर्वांचे आभार. उरलेले सांगून टाकतो.

माझा अहवाल निर्दोष आला. तो कागद मी भावाला चार दिवस दाखवला नाही. त्यानेच विचारले, मी दिला, त्याने वाचला, आणि "बरे झाले, पोरांची तरी काळजी मिटली" म्हणून द्राक्षांचा भाव काय चालला आहे ते विचारू लागला. त्याची स्वतःची मुलगी १७ वर्षांची आहे.

बहीण साताऱ्यात दिली आहे, वय ३९. तिला सांगायला मी तीन महिने लावले, हे इथे कबूल करतो. सासरी काय वाटेल, मेहुण्यांना कसे सांगायचे, असे म्हणत राहिलो. तीन महिने म्हणजे किती, हे काचपट्टीताईंचा 'एक ते तीन वर्षे' हा आकडा वाचल्यावर कळले. तिच्या रक्तात बिघाड निघाला. दुर्बिणीत उजव्या बाजूला एक पॉलिप सापडला, तिथल्या तिथे काढला, तपासणीत कर्करोग नव्हता. मेहुणे माझ्याशी अजून फारसे बोलत नाहीत. मात्र तपासणीच्या दिवशी तिच्याबरोबर तेच गेले होते.

मावशीला दोन मुली आहेत. एक विट्याकडे असल्याचा पत्ता लागला आहे, दुसरीचा नाही. दिवाळीनंतर हेळवी आले तेव्हा मी त्यांना माझा कागद दाखवला आणि म्हणालो, लेकींची नावे वहीत घाला. ते म्हणाले, वहीत तशी जागा नाही. मी समासाकडे बोट दाखवले. त्यांनी बराच विचार केला आणि बहिणीचे व पुतणीचे अशी दोन नावे समासात लिहून घेतली. आईच्या माहेरची वही त्यांच्याकडे नसते, खानापूर तालुक्यात फिरणाऱ्या दुसऱ्या हेळव्याकडे असते, असे ते म्हणाले, आणि जाताना त्यांनी त्याचा फोन नंबर दिला. काल बोलणे झाले. मावशीच्या मुलींची नावे त्यांच्याकडेही नाहीत, पण त्या कोणत्या गावात दिल्या ते आपल्या वडिलांना आठवत असेल, असे ते हेळवी म्हणाले. येत्या रविवारी मी कागद घेऊन तिकडे जातो आहे.